साडेतीन महिने झाले खरे, पण मुदत सुरू झाली आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, म्हाडाच्या जुन्या इमारतीतलं अल्प उत्पन्न गटाचं घर नवरा-बायकोने मिळून रिसेलमध्ये घेतलं. दस्त नोंदवून साडेतीन महिने झाले. चावी हातात आहे, गृहकर्जाचा हप्ता सुरू झालाय आणि जुन्या घराचं भाडंही चालूच आहे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "अर्ज जनरल बॉडीत ठेवू, मेंबर झाल्याशिवाय सामान आणू नका." अर्ज हातोहात दिला, पोच मागितली तर "आपल्यातलंच काम आहे, पोच कशाला?" किती दिवस थांबायचं?

आधी कटू बातमी. पोच नसेल तर कायद्याच्या लेखी तुमचे साडेतीन महिने मोजलेच गेलेले नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२(२) नुसार, अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीने निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. यालाच सगळे 'डीम्ड मेंबरशिप' म्हणतात. पण हे तीन महिने दस्ताच्या तारखेपासून धरत नाहीत, तुम्ही सेक्रेटरींच्या हातात फाइल ठेवली त्या दिवसापासूनही नाही. सोसायटीला अर्ज मिळाल्याचा पुरावा ज्या तारखेचा, त्या तारखेपासून. "पोच कशाला" या प्रेमळ वाक्याचा खरा अर्थ इथे कळतो.

दुसरी गोष्ट, तुमच्या प्रश्नात दोन परवानग्या एकमेकींत मिसळल्या आहेत. एक सोसायटीचं सभासदत्व. दुसरी म्हाडाच्या दप्तरी घर तुमच्या नावावर होणं, म्हणजे मिळकत व्यवस्थापकाकडचं हस्तांतरण. दोन्ही टेबलं वेगळी, कागदही बरेचसे वेगळे. एक अडलं म्हणून दुसरं थांबवू नका. मात्र म्हाडाच्या फाइलला सोसायटीचं पत्र लागतं, त्यामुळे सोसायटीचा अर्ज आधी रीतसर मार्गी लावा.

आता काय कशावर अवलंबून आहे ते. तुमचा विक्रेता स्वतः सोसायटीचा सभासद आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी मेख तिथेच असू शकते. म्हाडाच्या घरांना ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं विक्रीची बंदी असते. जुन्या वसाहतींत या बंदीच्या काळात अनेक घरं मुखत्यारपत्रावर आणि साध्या स्टँप पेपरवरच्या करारावर हातोहात गेली. मूळ लाभार्थी एक, नंतर मुखत्यारपत्रावर घेणारा दुसरा, त्याच्याकडून घेणारे तुम्ही तिसरे. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटी सभासदाला देते त्या भागपत्रावर, नाव अजून पहिल्याचंच. अशा वेळी समिती अडवते ती दरवेळी आडमुठेपणानेच असं नाही. जो स्वतः सभासद नाही तो शेअर हस्तांतरित कुठून करणार? नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केलं आहे.

म्हणून आज संध्याकाळी एकच काम करा. शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू पाहा आणि दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवा. तिथे हस्तांतरणाच्या नोंदींचा तक्ता असतो: तारीख, कोणाकडून, कोणाकडे, नोंदवही क्रमांक आणि सह्या. शेवटच्या ओळीत तुमच्या विक्रेत्याचं नाव असेल तर पुढचं सगळं सरळ आहे. नसेल तर साखळीतली राहिलेली कडी आधी जोडावी लागेल. मूळ लाभार्थी हयात असेल तर त्याच्याकडून, नसेल तर त्याच्या वारसांकडून पुष्टीचा दस्त नोंदवून घ्यावा लागतो. मधल्या करारांवर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल तर ते मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे दंडासह भरावं लागतं. दंड महिन्याला २ टक्के दराने चढतो, त्यामुळे जुना कागद म्हणजे मोठा दंड. मग म्हाडाकडे नियमितीकरण. याला तीन महिन्यांचा नियम लागू पडत नाही; इथे वकील गाठा आणि ज्याने घर विकलं त्याला खर्चात ओढा.

विक्रेता सभासद आहे असं धरून पुढे जातो.

अर्ज नव्याने द्या. "आधीच दिलाय" हा मान बाजूला ठेवा. जुन्या अर्जाचा उल्लेख पत्रात करा, पण पूर्ण फाइल पुन्हा लावा, कारण सहकारी संस्थांच्या निबंधकापुढे (सोसायट्यांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी) प्रकरण गेलं की सोसायटीचा पहिला बचाव ठरलेला असतो: "अर्ज अपूर्ण होता." अपूर्ण अर्जावर डीम्ड मेंबरशिप मिळणं कठीण. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, लागणारे कागद असे: विक्रेत्याची हस्तांतरणाची सूचना परिशिष्ट २०(१) मध्ये, तुमची संमती २०(२) मध्ये, विक्रेत्याचा हस्तांतरणाचा अर्ज परिशिष्ट २१ मध्ये, तुमचा सभासदत्वाचा अर्ज परिशिष्ट २३ मध्ये, विक्रेत्याचा राजीनामा, नोंदवलेल्या दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा 'इंडेक्स टू' उतारा), मूळ शेअर सर्टिफिकेट, आणि विक्रेत्याची थकबाकी फेडण्याची हमी. तुमच्या सोसायटीने जुनेच उपविधी ठेवले असतील तर परिशिष्टांचे क्रमांक वेगळे असतील. नमुने त्याच उपविधींमधले वापरा.

मूळ शेअर सर्टिफिकेट देताना पोचेवर त्याचा क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका. हरवलं तर डुप्लिकेट काढताना पुन्हा तेच चक्र.

यातल्या निम्म्या कागदांवर विक्रेत्याची सही लागते, आणि लोक नेमके इथे फसतात. शेवटचा चेक हातात पडला की विक्रेता गावी जातो किंवा फोन उचलायचा थांबतो. जे लोक अजून व्यवहाराच्या आधीच्या टप्प्यावर आहेत त्यांनी दुय्यम निबंधक कार्यालयातच, नोंदणीच्या दिवशी, या सगळ्या नमुन्यांचे दोन संच सह्या करून घ्यावेत. म्हाडाचं प्रतिज्ञापत्र आणि वीज मीटरच्या नावबदलाचा अर्जही त्याच बैठकीत. शिवाय थोडी रक्कम शेअर सर्टिफिकेटवर नाव चढेपर्यंत राखून ठेवायची, हे करारातच लिहावं. तुमचं ते झालेलं दिसत नाही. विक्रेत्याशी संबंध बरे असतील तर याच आठवड्यात सह्या घ्या. तो अजून कागदोपत्री सभासद आहे, म्हणजे त्याच्या पत्राला सोसायटीला उत्तर द्यावं लागतं आणि ठरावाच्या प्रती मागायचा हक्कही त्याचा आहे. तुमचा अजून नाही.

तुम्ही दोघं दस्तात खरेदीदार आहात, तर अर्जात दुसरं नाव 'संयुक्त सभासद' म्हणून घाला. पुष्कळ सेक्रेटरी सवयीने 'सहयोगी सभासद' लिहायला लावतात. याच अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे दोन वेगळे प्रकार आहेत: घरात मालकीचा वाटा असलेला तो संयुक्त, मालकी नसताना सभासदाच्या लेखी संमतीने घेतलेला कुटुंबातला माणूस तो सहयोगी. बायकोने अर्धे पैसे घातले आणि कागदावर ती सहयोगी, हा घोळ पुढे रिडेव्हलपमेंटच्या करारात निस्तरावा लागतो.

पैशांचं. हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये. हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे बोलीभाषेतला 'ट्रान्सफर प्रीमियम', जनरल बॉडीने ठरवलेला; पण ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार महानगरपालिका हद्दीत तो २५,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. त्याहून जास्त मागायचं झालं की त्याला 'विकास निधी', 'बिल्डिंग फंड' किंवा 'स्वेच्छा देणगी' असं नाव पडतं, आणि बरोबर "मी स्वखुशीने देत आहे" अशा पत्रावर सही मागतात.

हे चालतं का, तर हिशेबामुळे चालतं. समजा तुमचं भाडं महिना १८ हजार आहे. तीन महिने म्हणजे ५४ हजार. समितीने ५० हजारांची देणगी सुचवली की माणूस मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि सही करतो. तुमच्या सेक्रेटरींनी अजून आकडा उच्चारलेला नाही, पण "जनरल बॉडीत ठेवू" याच्या पुढची पायरी बऱ्याचदा हीच असते. माझं मत विचाराल तर त्या पत्रावर सही करू नका. एकदा 'स्वखुशी' लिहून दिली की नंतर ते पैसे परत मागायला तोंड उरत नाही. ५००, १०० आणि ठरावाप्रमाणे असलेलं अधिमूल्य, कमाल २५,००० रुपये, असे तीन वेगळे चेक अर्जासोबत जोडा आणि चेक क्रमांक पत्रात लिहा. चेकची मुदत तीन महिन्यांची असते. सोसायटीने चेक वटवला तर अर्ज मिळाल्याचा त्याहून चांगला पुरावा नाही. न वटवता ठेवला तर मुदत संपायच्या आधी नवा चेक पत्रासह द्या. ते पत्रही तुमच्या फाइलमध्ये एक नोंद म्हणून बसतं.

आता पोच. तुमच्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही, या चारही गोष्टी हव्यात. नुसती सही आणि "मिळाले" असं असेल तर कधी मिळालं आणि कोणाला, यावर पुढे वाद होतो. देत नसतील तर भांडू नका. त्याच दिवशी पोस्टात जा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा मागून घ्या. पाकिटावरच ठळक लिहा: "शेअर हस्तांतरण व सभासदत्वाचा अर्ज, सदनिका क्रमांक अमुक, सोबत चेक." पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकिटावरचा तो शेराच तुमचा पुरावा. सोसायटीचा ईमेल असेल तर त्याच दिवशी सगळे कागद स्कॅन करून तिथेही टाका. मूळ शेअर सर्टिफिकेट मात्र पोस्टाने पाठवायचं नाही. झेरॉक्स जोडा आणि "मूळ प्रत मागाल त्या दिवशी पोच घेऊन देऊ" असं पत्रात लिहा.

पत्राचा मजकूर साधा ठेवा. "दिनांक अमुक रोजी प्रत्यक्ष दिलेल्या अर्जाची पोच मिळाली नाही, म्हणून तोच अर्ज सर्व कागदपत्रांसह व शुल्कासह पुन्हा सादर करीत आहोत. कागदपत्रांत काही कमतरता असल्यास १५ दिवसांत लेखी कळवावे." हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. नंतर कमतरता काढायची तर ती वेळेत का कळवली नाही, याचं उत्तर सोसायटीला द्यावं लागतं.

जनरल बॉडीचं म्हणाल, तर तुमच्यासारख्या सरळ हस्तांतरणात अर्जाची छाननी आणि निर्णय हे व्यवस्थापक समितीचं रोजचं काम आहे, आणि समितीची सभा महिन्यातून निदान एकदा व्हायला हवी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते. तुमचा अर्ज तिथवर ताणायचं कारण नाही. मुलाखतीला बोलावलं तर जरूर जा, चहा घ्या, ओळख करून घ्या. त्याच लोकांबरोबर राहायचं आहे. फक्त मुलाखत झाली नाही म्हणून मुदत थांबते, असं कुठे लिहिलेलं नाही. खाणं, जात, धर्म, भाषा यावरून आडून प्रश्न आले तर उत्तर द्यायची गरज नाही. कलम २३ चा रोख खुल्या सभासदत्वाकडे आहे. नकार द्यायचा तर पुरेसं कारण लेखी द्यावं लागतं.

एक शक्यता तुम्ही धरलेली नाही. कन्नमवार नगरात रिडेव्हलपमेंटची कामं आणि बोलणी बरीच चालू आहेत. नवा सभासद म्हणजे नवं मत. विकासक निवडीच्या तोंडावर असलेल्या समितीला मतांची जुळवाजुळव झालेली असताना नवं नाव यादीत नको असतं. तुमच्या सोसायटीत ४ जुलै २०१९ च्या ७९-अ आदेशाखालची, म्हणजे रिडेव्हलपमेंटसाठी विकासक निवडायची, प्रक्रिया सुरू आहे का, हे विक्रेत्याला विचारा. असेल तर अर्जाच्या पत्राची प्रत उपनिबंधकालाही पाठवा, म्हणजे तुमची तारीख सरकारी दप्तरात बसेल.

उपनिबंधक कोणता, यातही लोक चुकतात. एस वॉर्डाच्या उपनिबंधकाकडे जाऊन परत येतात. म्हाडाच्या वसाहतींतल्या सोसायट्यांसाठी म्हाडात वेगळं उपनिबंधक कार्यालय आहे, वांद्रे पूर्वेला कलानगरच्या गृहनिर्माण भवनात. लेटरहेडवरच्या नोंदणी क्रमांकात बहुधा म्हाडाची खूण असते. ती पाहूनच निघा.

तिथे जायचे तीन वेगळे रस्ते आहेत आणि चुकीचा धरला तर महिने जातात. सोसायटी अर्जच घेत नसेल तर कलम २३(१अ): अर्ज आणि शुल्क निबंधकाकडे द्यायचं, तो ३० दिवसांत सोसायटीकडे पाठवतो, आणि सोसायटीला मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय आला नाही तर तुम्ही सभासद मानले जाता. अर्ज घेतला पण तीन महिने उत्तर नाही, तर कलम २२(२) खाली डीम्ड मेंबरशिपचा निर्णय मागायचा. लेखी नकार आला, तर कलम २३(२) खाली अपील, आणि त्याला दोन महिन्यांची मुदत आहे. ती हुकू देऊ नका. तुमच्या बाबतीत सेक्रेटरींनी कागद ठेवून घेतलेत पण पोच दिलेली नाही, म्हणून आधी पोस्टाने पाठवा. पाकीट परत आलं तर पहिला रस्ता, स्वीकारलं तर दुसरा. उदाहरणार्थ, १० जूनला पाकीट पोहोचलं तर १० सप्टेंबरपर्यंत थांबा आणि लगेच पुढच्या आठवड्यात निबंधकाकडे जा.

तीन महिने उलटले की आपोआप नाव चढतं, हाही गैरसमज आहे. डीम्ड मेंबरशिपबद्दल वाद असला की निर्णय निबंधकच देतो; सोसायटीला नोटीस जाते, सुनावणी होते, आदेश निघतो. आदेशाला किती वेळ लागेल ते कार्यालयावरच्या कामावर आणि सोसायटी किती तारखा मागते यावर. सुनावणीत सोसायटीचं दुसरं हत्यार असतं थकबाकी. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १५४ब-७ प्रमाणे सोसायटीची देणी फिटल्याशिवाय हस्तांतरण होत नाही. तेव्हा विक्रेत्याकडून शेवटचं बिल आणि भरल्याची पावती आत्ताच घ्या. आणि व्यवहार झाल्यापासूनचं मासिक देखभाल शुल्क दर महिन्याला बँकेतून भरा. विक्रेत्याच्या नावे, तपशिलात सदनिका क्रमांक टाकून. पावती देत नाहीत म्हणून भरणं थांबवलंत तर तुम्हीच त्यांच्या हातात कारण दिलंत.

राहायला जाऊ का? खरा प्रश्न हाच होता. कायद्याचा क्रम सभासदत्व आधी, मग वापर, असा आहे. व्यवहारात मुंबईत हजारो लोक अर्ज प्रलंबित असताना राहतात, आणि नोंदणीकृत दस्त व चावी असलेल्या माणसाला सामान आणण्यापासून दांडगाईने अडवणं किंवा त्याचं पाणी तोडणं याला आधार नाही. माझा सल्ला: आधी अर्जाचा पुरावा हातात घ्या, मग आठ दिवस अगोदर लेखी कळवा की "सभासदत्वाचा अर्ज प्रलंबित असताना, आमच्या व संस्थेच्या हक्कांना बाधा न येता, उपविधींचे पालन करून अमुक तारखेपासून राहावयास येत आहोत." सामान दिवसाउजेडी, कामाच्या दिवशी आणा. समितीने लेखी मनाई केली असेल तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय टेम्पो बोलावू नका. आणि भिंती, मोरी, संडास यांना हात लावू नका. जुन्या इमारतीत परवानगीशिवाय फोडाफोड केली की गळतीच्या एका तक्रारीवर सगळी सहानुभूती जाते. "सभासद नाही म्हणून बिनभोगवटा शुल्क भरा" असं म्हटलं तर लेखी हरकत घ्या. ते भाड्याने दिलेल्या घरासाठी असतं, आणि तिथेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

म्हाडाची फाइल या तीन महिन्यांत तयार ठेवा: वाटपपत्र, ताबा पावती, सेवाशुल्काची बाकी नसल्याचा कागद, आधीच्या सगळ्या हस्तांतरणांची पत्रं, तुमचा दस्त आणि सूची २. वाटपपत्र आणि सोसायटीचा भाडेपट्टा यांतल्या अटी वाचून घ्या, कारण हस्तांतरणाचं शुल्क आणि लागणारी पत्रं त्यावर ठरतात. बँकेला विचारा की त्यांच्या फाइलमध्ये सोसायटीचं बोजा नोंदीचं पत्र (घरावर बँकेचं कर्ज असल्याची नोंद केल्याचं) बाकी आहे का. असेल तर तीच विनंती सभासदत्वाच्या पत्रात एका ओळीत जोडा.

शेअर सर्टिफिकेट परत मिळेल तेव्हा तिथेच उभं राहून तपासा. मागच्या तक्त्यात तुमच्या दोघांची नावं दस्तातल्या स्पेलिंगप्रमाणे, दुसऱ्या नावापुढे 'संयुक्त', समितीच्या सभेची तारीख, अध्यक्ष, सेक्रेटरी आणि एका समिती सदस्याची सही, आणि सोसायटीचा शिक्का. त्याच वेळी आय आणि जे नोंदवहीतली (सभासदांची नोंदवही आणि सभासदांची यादी) तुमची ओळ दाखवायला सांगा. सर्टिफिकेटवर नाव चढलं आणि जे नोंदवहीत राहिलं, असं होतं, आणि ते पुढच्या निवडणुकीच्या मतदार यादीत कळतं.